टॅबच्या काचेवर सॅनिटायझर नको

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आता टॅब आला आहे. कोणाला तो आईवडिलांनी घेऊन दिला असेल, तर कोणाला एखाद्या योजनेतून मिळाला असेल. नागपुरात मुख्यालय असलेली 'महाज्योती' ही राज्य शासनाची संस्था इतर मागासवर्गीय, विमुक्त जाती व भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील दहावी झालेल्या मुलामुलींना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटी या परीक्षांच्या तयारीसाठी टॅब देत आली आहे. त्यासोबत दररोज ६ जीबी डेटाही मिळतो. अशा घरात तो टॅब म्हणजे दोन वर्षांचा शिकवणीवर्ग असतो. त्याचा पडदा बिघडला तर वर्ग बंद पडतो आणि दुसरा टॅब लगेच मिळत नाही.

हा टॅब एकट्याचा असा क्वचितच राहतो. दुपारी ताई त्यावर जीवशास्त्राचे व्याख्यान ऐकते, संध्याकाळी धाकटा भाऊ चित्रपट पाहतो, रात्री आजीला त्यावर कीर्तन हवे असते. चार जणांची बोटे त्या काचेवर फिरतात, आणि त्यातली दोन बोटे तरी नुकतीच वरणभातातून निघालेली असतात! मग कोणीतरी सॅनिटायझरची बाटली उचलतो, पडद्यावर दोनदा फवारतो आणि सदऱ्याच्या टोकाने खसाखसा पुसून मोकळा होतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. टॅब रोज स्वच्छ करावा, निर्जंतुक मात्र कारण असेल तेव्हाच करावा. आणि हाताला लावायचा सॅनिटायझर काचेवर कधीच घालू नये. यामागे भौतिकशास्त्र आहे, थोडे रसायनशास्त्रही आहे, आणि ते तुम्हाला सहज कळण्यासारखे आहे.

प्रथम पडद्याची रचना पाहू. सर्वांत वर काच असते. बऱ्याच टॅबमध्ये ही काच साधी नसते. ती वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापमानात बुडवून ठेवतात. तेथे काचेतील सोडियमचे लहान आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन शिरतात. भरलेल्या एसटीत लहान मुलांच्या जागी मोठी माणसे येऊन बसली तर जी दाटी होईल, तशी दाटी काचेच्या पृष्ठभागावर होते. पृष्ठभाग असा सतत दाबाखाली राहिल्याने तो सहजासहजी तडकत नाही. काचेखाली एक पारदर्शक पण विद्युत्‌वाहक जाळे असते. तुमचे बोट टेकले की तेथील विद्युत्‌धारिता किंचित बदलते आणि टॅबला बोट कोठे आहे ते कळते. त्याखाली चित्र उमटवणारा थर.

काचेच्या वरच्या बाजूला आणखी एक थर बहुधा असतो. तो दिसत नाही. फ्लोरिनयुक्त रेणूंचा हा लेप असतो, न चिकटणाऱ्या तव्यावरील लेपाचा जवळचा नातेवाईक. त्याची जाडी काही नॅनोमीटर ते दहावीस नॅनोमीटर, म्हणजे तुमच्या केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग. बोटाचे तेल काचेला घट्ट धरू नये आणि पुसले की निघून जावे, हे त्याचे काम. नवा टॅब बोटाखाली गुळगुळीत लागतो तो या लेपामुळे, आणि वर्षादोन वर्षांत काच चिकट लागू लागते ती हा लेप झिजल्यामुळे. तो भरून येत नाही. तेव्हा पडदा पुसण्याचा सारा प्रश्न हा लेप शक्य तितके दिवस कसा टिकवावा, असाही मांडता येईल.

आता या लेपाचे शत्रू कोण? पहिला शत्रू धूळ, आणि त्यासाठी आमच्या नागपुरातील लकडगंजचेच उदाहरण घ्या. नावातच लाकूड असलेली ही वस्ती. येथे लाकडाच्या वखारी आहेत, आरामशीन आहेत आणि खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवले तर पिवळसर भुशाची रेघ उठते. लाकूड काचेपेक्षा कितीतरी मऊ, मग भुशाने काचेचे काय बिघडणार, असे तुम्हाला वाटेल. पण एखाद्या जुन्या सुताराला विचारा. सागवान कापताना करवतीची धार लवकर जाते हे तो सांगेल. त्याचे कारण सागाच्या लाकडात निसर्गतःच सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. त्यात रस्त्यावरची धूळ आणि बांधकामासाठी कन्हान नदीतून येणारी रेती यांची भर पडते. रेती म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ. मोहस्‌च्या काठिण्यमापनात क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे आणि साध्या काचेचा साडेपाच-सहाच्या आसपास. मजबूत केलेली काच थोडी सरस असते, तरी क्वार्ट्झच्या कणासमोर तिने निर्धास्त राहावे अशी स्थिती नाही. लेपाची तर गोष्टच सोडा.

म्हणजे कोरड्या धुळीसकट काच खसाखसा पुसणे हे तिला पॉलिशकागदाने घासण्यासारखेच झाले. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातील हवा इतकी कोरडी असते की कोरड्या कापडाने घासल्यावर काचेवर स्थिर विद्युत्‌ निर्माण होते आणि ती आजूबाजूची धूळ पुन्हा ओढून घेते. कंगव्याने कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग तुम्ही केला असेलच, त्यातलाच हा प्रकार. किंचित ओलसर कापडाने पुसले तर ही अडचण बहुतांशी राहत नाही, कारण ओलाव्यातून विद्युत्‌भार निघून जातो.

दुसरा शत्रू आपण स्वतः, हातात बाटली घेतलेले. २०२० च्या मार्च महिन्यात करोनाची साथ आली तेव्हा तुम्ही लहान होता, पण घरी भाज्या धुतल्या जात, दुधाच्या पिशव्या पुसल्या जात आणि नोटांनासुद्धा इस्त्री केली जाई, हे तुम्हाला आठवत असेल. त्या भीतीला आधार होता. त्याच महिन्यात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्लॅस्टिक आणि पोलाद यांवर तो विषाणू ७२ तासांपर्यंत आढळला होता. मात्र प्रयोगशाळेत विषाणू मुद्दाम भरपूर प्रमाणात ठेवला जातो आणि प्रयोगशाळेतील पोलादाचा तुकडा म्हणजे घरातले दार नव्हे. हळूहळू माहिती जमत गेली. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितले, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून तो रोग होण्याची शक्यता सामान्यतः दहा हजारांत एकापेक्षाही कमी आहे. तो रोग मुख्यतः हवेतून पसरत होता. विज्ञानाचा निष्कर्ष बदलला. आपली सवय मात्र तेथेच राहिली. पुष्कळ घरांत टीव्हीशेजारी ती बाटली अजून उभी आहे.

या बाटलीत काय असते ते पहा. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या हात-सॅनिटायझरच्या सूत्रात ८० टक्के इथाइल अल्कोहोल, थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सुमारे दीड टक्का ग्लिसरीन असते. ग्लिसरीन कशासाठी? हाताची त्वचा कोरडी पडून भेगाळू नये म्हणून. बाजारातल्या जेलमध्ये घट्टपणा आणणारे पदार्थ आणि सुवासही असतो. अल्कोहोल उडून जाते, पण ग्लिसरीन उडत नाही. ते काचेवर पातळ चिकट थर होऊन बसते. आता धुळीने आणखी काय मागावे? हाताला जे हितकारक, तेच काचेला अपायकारक ठरते.

मग अल्कोहोल मुळीच नको का? तसेही नाही. ॲपल कंपनीने पूर्वी आपल्या यंत्रांवर अल्कोहोल वापरू नये असे सांगितले होते. मार्च २०२० मध्ये तिने हा सल्ला बदलला आणि ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या पुसण्याने पडदा हलक्या हाताने पुसण्यास हरकत नाही, असे जाहीर केले. ब्लीच मात्र वर्ज्यच ठेवले. बरोबर ७० टक्केच का, असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थ्याने विचारायला हवा. शंभर टक्के अधिक जहाल नाही का? गंमत अशी की नाही. जंतूंची प्रथिने मोडून टाकण्याच्या कामात पाण्याचीही गरज असते. शुद्ध अल्कोहोल जंतूचे बाहेरचे कवच चटकन गोठवते आणि स्वतः भर्रकन उडून जाते. आतले काम अर्धवट राहते. थोडे पाणी असले की ते आत शिरते आणि पृष्ठभागावर थोडा अधिक वेळ टिकते. या वेळेला फार महत्त्व आहे. काच निदान अर्धा मिनिट ओली दिसली पाहिजे. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर आणि समोर कूलरचा वारा, अशा वेळी पुसलेले स्पिरिट डोळ्यांदेखत उडून जाते. मग पुसल्याचे समाधान तेवढे उरते. म्हणून कूलरपासून दूर बसून पुसावे. देवघरातील निरांजनापासून आणि गॅसच्या शेगडीपासून तर फारच दूर, कारण ७० टक्के अल्कोहोलची वाफ वीस अंशांखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते, आणि आपल्याकडे हिवाळ्यातली दुपारसुद्धा त्याहून उबदार असते.

जोरदार स्पिरिट आणून त्यात घरी पाणी मिसळण्याच्या भानगडीत विद्यार्थ्यांनी पडू नये. तयार ७० टक्क्यांचे मिळते ते मोठ्या माणसांनी आणावे.

अल्कोहोलची एक मर्यादा मात्र फारशी कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली होती. वर्गातली कितीतरी मुले काळे चष्मे लावून घरी बसली होती. डोळे येण्याच्या अशा साथी बहुधा अडेनोविषाणू किंवा एन्टरोविषाणू यांच्या असतात. करोनाच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थांचे आवरण असते. ते साबणाने किंवा अल्कोहोलने फाटले की विषाणू संपला. या दुसऱ्या मंडळींना असे आवरणच नसते. त्यामुळे ते काचेवर आणि दारांच्या मुठींवर दिवसचे दिवस तग धरतात आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलला फारसे जुमानत नाहीत. म्हणजे जेव्हा पडदा खरोखरच रोग पसरवू शकतो, तेव्हाच आपले आवडते शस्त्र बोथट पडते!

अशा वेळी काय करावे? ज्याचे डोळे आले आहेत त्याला टॅब वेगळा द्यावा. घरात एकच असेल तर तो बरा होईपर्यंत त्याने टॅबला हात लावू नये. इतरांनी साबणाने हात धुवावेत आणि डोळे चोळू नयेत. साबण आवरण नसलेल्या विषाणूला मारत नसेल, पण हातावरून सुटा करून पाण्याबरोबर वाहून नेतो. नळाखाली वाहून गेलेला विषाणू मेला की जिवंत आहे याची चौकशी करण्याचे आपल्याला कारण नाही. पडदा ओलसर कापडाने पुसण्याचा फायदाही हाच. जंतू बहुतेक बोटाच्या तेलात आणि मळात रुतून बसलेले असतात. मळ उचलला की त्याबरोबर तेही कापडावर येतात. मळ तसाच ठेवून त्यावर औषध ओतले तर औषध वरच्या वर उडून जाते.

प्रत्यक्ष पुसण्याचे काम सोपे आहे. टॅब बंद करा, चार्जरची तार काढा, कव्हर काढा. टॅब उभा धरून मऊ ब्रशने किंवा फुंकण्याच्या रबरी पंपाने धूळ झटका. तोंडाने फुंकलेत तर थुंकीचे तुषार उडतील, हे सांगायला नकोच. मग मायक्रोफायबरचे कापड पाण्याने किंचित ओले करा. किंचित म्हणजे पिळल्यावर एक थेंबही पडता कामा नये इतके. या कापडाचे धागे काही मायक्रोमीटर जाडीचे आणि फाकलेल्या कडांचे असतात, म्हणून ते तेल धरून ठेवतात. असे कापड नसेल तर अनेक धुण्यांनी मऊ झालेला जुन्या धोतराचा तुकडा चालतो. वर्तमानपत्र चालत नाही, टूथपेस्ट चालत नाही, खिडक्या पुसण्याचा अमोनियाचा फवारा नको आणि नखांचा रंग काढण्याचे ॲसिटोन तर नकोच नको. शेवटी कोरड्या कापडाने हलकेच टिपून घ्या. कापड आठवड्यातून एकदा साबणाने धुवा. नाहीतर कालची रेती आज काचेवर फिरेल.

आमच्याकडच्या नळाच्या पाण्यात क्षार असतात. ते वाळल्यावर पांढरे डाग राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी घरी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन असतो, त्यातले चमचाभर पाणी उत्तम. मात्र कॅनवरचे लेबल वाचा, कारण बॅटरीच्या दुकानात आम्लाचे कॅनही तसेच दिसतात.

पाणी असो की अल्कोहोल, द्रव कापडावर घ्यायचा, टॅबवर फवारायचा नाही. का ते केशाकर्षणाच्या धड्यात आहे. नळी जितकी अरुंद, तितके पाणी तिच्यात अधिक उंच चढते. एक मिलिमीटर त्रिज्येच्या काचनळीत ते सुमारे दीड सेंटिमीटर चढते, आणि त्याच्या दशांश त्रिज्येच्या नळीत सुमारे पंधरा सेंटिमीटर. काच आणि चौकट यांमधली फट, ध्वनिवर्धकाची जाळी, चार्जिंगचे छिद्र या साऱ्या अरुंद वाटाच आहेत. त्यातही पाणी प्लॅस्टिकच्या फटीत शिरायला थोडे नाखूश असते, कारण त्याचा पृष्ठताण मोठा असतो आणि प्लॅस्टिकला ते नीट भिजवत नाही. अल्कोहोलचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे एक-तृतीयांश. त्याला कोठेही मज्जाव नाही. पाणी आणि क्षार छिद्रात राहिले आणि तुम्ही लगेच चार्जर लावलात, की तेथे विद्युत्‌-अपघटन सुरू होते आणि धातूचे बारीक संपर्क गंजून जातात. म्हणून पुसल्यावर टॅब पूर्ण वाळू द्या.

उन्हात ठेवून टॅब निर्जंतुक करण्याचा सल्लाही काही ठिकाणी ऐकू येतो. जंतूंना झटपट मारणारे कमी तरंगलांबीचे अतिनील किरण, म्हणजे २५४ नॅनोमीटरच्या आसपासचे, सूर्याकडून निघतात खरे, पण ओझोनचा थर ते जमिनीपर्यंत येऊच देत नाही. काळी काच मात्र तापते, आणि तिच्यामागची लिथियमची बॅटरी उष्णतेने खराब होते. त्याच किरणांचे हातात धरायचे दिवे विकत मिळतात. ते डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतात. मुलांच्या घरात अशी वस्तू असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शाळेच्या संगणक-कक्षाची गोष्ट वेगळी. तेथे एकाच टॅबवर दिवसभरात अनेक अनोळखी हात येतात, आणि कोणाला सर्दी असते, कोणाला खरूज. तेथे दोन तुकड्यांच्या मध्ये ७० टक्के अल्कोहोलचे पुसणे योग्यच आहे, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. पण त्याहून स्वस्त आणि अधिक उपयोगी असा एक उपाय आहे: कक्षाच्या दाराशी नळ आणि साबण. टॅबसाठी पैसे मंजूर होतात, साबणाच्या वडीसाठी कोणाकडे अर्ज करायचा हे कोणालाच माहीत नसते! कोणतीही योजना टॅब देत असेल, तर खोक्यात हातभर मायक्रोफायबरचे कापड आणि तो कसा पुसावा हे मराठीत सांगणारे एक पान घालणे तिला जड जाऊ नये. टॅबच्या किमतीपुढे तो खर्च हिशेबातही धरण्याजोगा नाही. तुमच्या खोक्यात असे पान नसेल, तर तुम्हीच ते लिहून शाळेच्या फळ्याशेजारी लावायला काय हरकत आहे?

जाता जाता एक प्रयोग. पुसलेला टॅब बंद करून टेबलावर सपाट ठेवा आणि औषधाच्या ड्रॉपरने पडद्याच्या मध्यभागी डिस्टिल्ड वॉटरचा एकच लहान थेंब सोडा, कडेला मुळीच नाही. बाजूने पहा. लेप शाबूत असेल तर थेंब अळूच्या पानावरच्या थेंबासारखा गोलसर उभा राहील. त्याच्या कडेचा काचेशी होणारा कोन काटकोनापेक्षा मोठा, ११० अंशांच्या आसपास असेल. थेंब टिपून घ्या आणि जेथे अंगठा सर्वांत जास्त फिरतो तेथे दुसरा सोडा. तो पसरट झाला तर तेथील लेप गेला असे समजा. मग तोच प्रयोग खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर करून तुलना करा. नंतर टॅब चालू करून, पांढरे चित्र पडद्यावर आणून, अगदी बारीक थेंबातून वरून पहा. थेंब भिंगाचे काम करील आणि पांढऱ्या प्रकाशाऐवजी लाल, हिरवे, निळे असे वेगवेगळे ठिपके दिसतील. थेंबाच्या जागी पडदा आपोआप उघडझाप करू लागला तर घाबरू नका. पाणीही विद्युत्‌धारिता बदलते आणि टॅब त्यालाच बोट समजतो. थेंब लगेच कापडाने टिपा. आपल्या टॅबच्या वयाबरोबर थेंबाचा आकार कसा बदलतो, याचे चित्र काढून संपादकांकडे पाठवा.